बोनेटखालची सफाई: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळच्या टपालात इंजिनाच्या सफाईबद्दलचे प्रश्न इतके आले, की अख्खं सदर त्यालाच दिलं आहे. सोलापूरची धूळ, बोअरचं जड पाणी, मे महिन्यातली काहिली आणि यंत्रमागांच्या भागात उडणारी तूस यांचा विचार केल्याशिवाय इथे बोनेटखाली हात घालू नये. इंजिनाला पाणी जितकं कमी लावाल तितकं बरं, हे गृहीत धरूनच पुढची उत्तरं दिली आहेत.

प्रश्न: माझी पेट्रोल हॅचबॅक चार वर्षांची झाली. इंजिनावर धुळीचा थर आहे, एका बाजूला तेलकट कीट बसलंय. दुकानात डिग्रीझर, ऑल पर्पज क्लीनर, इंजिन शायनर असं बरंच काही मिळतं. नेमकं काय घ्यावं? कपड्यांची पावडर चालेल का? आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे पाईप लावून धुणंही जमत नाही. (एक वाचक, जुळे सोलापूर)

पाईप लावता येत नाही याचं अजिबात वाईट वाटून घेऊ नका. चार वर्षांच्या गाडीला दोन लिटर पाणी पुष्कळ झालं, आणि तेही मुख्यतः फडकं पिळायला.

खरेदी थोडीच आहे. पाण्यात मिसळायचा ऑल पर्पज क्लीनर अर्धा लिटर, दोन स्प्रे बाटल्या, दीड इंची रंगाचा ब्रश, एक जुना टूथब्रश, मायक्रोफायबरची चार-पाच फडकी आणि रबरी हातमोजे. रंगाच्या ब्रशला दांड्यापाशी पत्र्याची पट्टी असते, तिच्यावर इन्सुलेशन टेपचे दोन वेढे द्या. ती पट्टी बॅटरीच्या प्लस टर्मिनलला आणि बॉडीला एकदम टेकली तर मोठी ठिणगी उडते. शिवाय उघडी पट्टी प्लास्टिकवर ओरखडे काढते. सोलापुरात टॉवेलांना तोटा नाही, पण टेरी टॉवेल या कामाला घेऊ नका. त्याचे फासे होजच्या क्लिपांना अडकतात आणि तूस मागे राहते. धुऊन धुऊन मऊ झालेलं जुनं सुती धोतर त्यापेक्षा कितीतरी चांगलं.

क्लीनरचं प्रमाण बाटलीवर छापलेलं असेल तर तेच धरा. नसेल तर साध्या धुळीसाठी एकास दहा, म्हणजे अर्ध्या लिटरच्या बाटलीत ४५ मिली क्लीनर आणि बाकी पाणी. तेलाच्या कीटासाठी एकास चार, म्हणजे १०० मिली क्लीनर आणि ४०० मिली पाणी. त्याहून कडक करू नका. घाण काही जास्त निघत नाही, पण क्लीनरचा अंश नीट पुसला जात नाही आणि काळ्या प्लास्टिकवर पांढरट ओघळ उमटतात. वेगळा डिग्रीझर (तेलाचं कीट सोडवणारं रसायन) तुमच्या गाडीला लागेल असं वाटत नाही. कीट बोटाच्या नखानं खरवडावं लागेल इतकं जाड असेल तरच घ्या, आणि तोही पाण्यात मिसळणारा.

कपड्यांची पावडर नको. तिच्यात धुण्याचा सोडा असतो आणि ती भरपूर पाण्यानं खळबळून काढायची असते. बोनेटखाली खळबळणं शक्य नाही, मग ती कपलरच्या, म्हणजे वायरींच्या प्लास्टिकच्या जोडाच्या, फटीत वाळून बसते. भांड्यांचं लिक्विड अडीनडीला चालेल, अर्धा लिटर पाण्यात चमचाभर. पण जुन्या चिकट तेलापुढे त्याचा टिकाव लागत नाही. फरशीचं ॲसिड, संडासचं क्लीनर आणि कॉस्टिक यांना मात्र बोनेटजवळ आणूच नका. अ‍ॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा जो पातळ थर असतो, तो साधारण ४ ते ८.५ पीएचच्या (आम्ल-अल्कली मोजायचं माप) दरम्यानच टिकतो. कॉस्टिक तो थर खातं आणि मग खालचा धातू खायला लागतं. त्यानं पडलेले काळपट डाग पुन्हा निघत नाहीत. क्लीनरही थोडा अल्कलीच असतो, म्हणून तोसुद्धा दोन-तीन मिनिटांपेक्षा जास्त वेळ ठेवायचा नाही.

आता काम. रात्रभर थंड झालेली गाडी सकाळी सातच्या सुमारास सावलीत घ्या. दुपारी गाडी चालवून लगेच बसलात तर क्लीनर क्षणात वाळतो आणि त्याचाच डाग पडतो. हातही भाजतो, आणि तापलेल्या बिडाच्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर (इंजिनातला धूर बाहेर नेणारा भाग) गार पाणी पडलं तर त्याला तडा जाऊ शकतो.

चावी काढून खिशात ठेवा. आधी सगळं कोरडंच करा. काचेच्या खालच्या जाळीतला कडुलिंबाचा पाला हातानं उचला, कारण तो साचून तिथली पाणी जायची वाट बुजते आणि पावसाळ्यात पाणी थेट ब्लोअरमध्ये उतरतं. मग कोरड्या ब्रशनं वरून खाली धूळ सोडवत जा आणि व्हॅक्युमची नळी ब्रशच्या मागोमाग फिरवा. निम्म्याहून जास्त घाण इथेच निघते. त्यानंतर आल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा भाग), फ्यूज बॉक्स, एअर फिल्टरच्या नळीचं तोंड आणि प्लगला ठिणगीची वीज देणाऱ्या कॉइल यांवर किराणा पिशव्या रबर लावून बांधा. किती बांधल्या ते मोजून ठेवा.

क्लीनर इंजिनावर मारू नका, ब्रशवर मारा. एका वेळी वहीच्या पानाएवढा भाग घ्या, घोळवा, दोन मिनिटं थांबा, पुसा. मग दुसऱ्या बाटलीतल्या साध्या पाण्यानं फडकं ओलं करून दोनदा पुसा. हे पाणी बोअरचं नको, वाळल्यावर पांढरे ठिपके राहतात. आरओचं शुद्ध पाणी किंवा एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी घ्या. आरओमधून बाहेर टाकलेलं पाणी तर बोअरपेक्षाही जड असतं, ते वापरू नका. बोनेटच्या आतल्या बाजूचं फेल्ट ओलं करायचं नाही, त्यावर फक्त व्हॅक्युम फिरवा.

शेवटी पिशव्या मोजून काढा आणि फडकीही मोजा. एक्झॉस्टवर विसरलेलं तेलकट फडकं पेट घेतं. मग बोनेट उघडं ठेवून दहा-पंधरा मिनिटं इंजिन चालू ठेवा. या वेळात बेल्ट आणि पंख्यापासून हात, ओढणी, बाही सगळं लांब.

प्रश्न: आमच्या भागातल्या वॉशिंग सेंटरवर इंजिनावर डिझेल मारतात आणि मग प्रेशरनं धुतात. गाडी नव्यासारखी दिसते. वर्षानुवर्षं हेच चाललंय, मग त्यात वाईट काय? (एक वाचक, होटगी रस्ता)

दिसतं चांगलं, यात शंका नाही. डिझेल तेलाचं कीट झटकन सोडवतं. पण ते सावकाश उडतं आणि सगळ्या भागांवर ओशट पापुद्रा ठेवून जातं. आपल्याकडच्या फुफाट्यात आठवड्याभरात त्यावर धुळीचा लेप बसतो, आणि हा लेप पहिल्या धुळीपेक्षा चिवट असतो.

खरं नुकसान रबराचं होतं. कूलंटचे होज आणि आजकालचे बरेचसे बेल्ट ईपीडीएम नावाच्या रबराचे असतात. हे रबर उष्णता आणि पाणी उत्तम सोसतं, पण डिझेल, केरोसीन, पेट्रोल यांनी फुगतं आणि मऊ पडतं. इंजिन माउंटिंगचं नैसर्गिक रबरही तसंच. एकदा मारल्यानं होज फुटणार नाही. दर दोन महिन्यांनी मारत राहिलात तर क्लिपच्या कडेशी होज फुगलेला आणि दाबला की पिळपिळीत लागेल. तिथूनच पुढे कूलंट गळायला लागतं.

आग हा दुसरा धोका. पेट्रोलची वाफ कडाक्याच्या थंडीतही पेटण्याजोगी असते, त्यामुळे पेट्रोलनं इंजिन पुसण्याचा विचारही करू नका. केरोसीनला ४० अंशांच्या आसपासचं तापमान पुरतं, आणि मे महिन्यात सोलापूरची नुसती हवाच तिथवर पोचते. बोनेटखाली तर त्याहून कितीतरी जास्त. अशा वेळी बॅटरीच्या सैल टर्मिनलची एक ठिणगी पुरेशी आहे.

प्रेशरबद्दल. घराच्या टाकीवरून येणाऱ्या पाण्याला जेमतेम अर्धा-एक बारचा दाब असतो. वॉशिंगच्या गनचा दाब १०० बार किंवा त्याहून जास्त. इंजिनातले कपलर पावसाचे शिंतोडे आणि रस्त्यावरचं पाणी सोसायला बनवलेले असतात. जवळून मारलेली धार त्यांच्या रबरी ओठाला बाजूला सारून आत जाते, आणि मग तो ओठच पाण्याला बाहेर येऊ देत नाही. सेंटरवर गाडी द्यायचीच असेल तर "बोनेट उघडू नका, फक्त बाहेरून आणि खालून धुवा" असं स्पष्ट सांगा.

प्रश्न: बाहेरून इंजिन धुऊन आणलं. दुसऱ्या दिवसापासून गाडी मिसिंग करते, थरथरते, आणि चेक इंजिनचा दिवा लागलाय. पेट्रोल, चार सिलिंडर. सेंटरवाले म्हणतात, आपोआप वाळेल. (एक वाचक, विजापूर रस्ता)

आपोआप वाळेल याची वाट पाहू नका. दिवा नुसता लागलेला असेल तर गाडी हळू चालवत गॅरेजपर्यंत न्या. दिवा उघडझाप करत असेल तर जिथे आहात तिथेच थांबवा. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळतं आणि तो भाग वितळू शकतो. मग खर्च कॉइलच्या कितीतरी पटीनं वाढतो.

प्लग ज्या खोल विहिरीत बसलेला असतो, तिथे पाणी साचलंय असं लक्षणांवरून दिसतं. कॉइलची वीज प्लगच्या टोकाशी उडण्याऐवजी पाण्यातून बाजूच्या धातूत जाते. स्कॅनर लावला तर पी०३०१ ते पी०३०४ यांपैकी कोड येईल. शेवटचा आकडा म्हणजे सिलिंडरचा नंबर, तिथूनच सुरुवात करा.

इंजिन पूर्ण थंड हवं. कॉइलचा कपलर सोडवताना वायर ओढू नका, आधी कपलरचं कुलूप दाबा. कॉइलचा बोल्ट बहुतेक गाड्यांत १० नंबरच्या पान्यानं निघतो. कॉइल थोडी फिरवून सरळ वर ओढा. आता विहिरीत टॉर्च मारून बघा. पाणी असेल तर स्क्रू ड्रायव्हरला टिश्यू गुंडाळून टिपून घ्या, मग डोळ्यांवर चष्मा लावून हवेची गन मारा. पाणी आत असताना प्लग उघडू नका. उघडलात तर सगळं पाणी आणि विहिरीतली वाळू थेट सिलिंडरमध्ये जाते.

कॉइलचं रबर पुसून तासभर उन्हात ठेवा. रबरावर किंवा प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर पेन्सिलीनं ओढल्यासारखी काळी रेघ दिसली, तर वीज तिथून वाट काढते आहे असं समजा. तो भाग वाळवून उपयोग नाही, बदलावाच लागेल. सगळं ठीक असेल तर रबराच्या तोंडाशी आतून डायइलेक्ट्रिक (वीज न वाहू देणाऱ्या) ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवा आणि बसवा. विहिरीत जुना गंज दिसला, तर पाणी आधीपासूनच उतरत होतं. तेव्हा काचेखालच्या जाळीची पाणी जायची नळी तपासा.

प्रश्न: आमचा कारखाना अक्कलकोट रस्ता एमआयडीसीत आहे. गाडी दिवसभर तिथेच उभी असते. उन्हाळ्यात एसी गार होत नाही. गॅस दोनदा भरला. मेकॅनिक म्हणतो, पुढची जाळी तुंबलीय. ती घरी साफ करता येईल का? (एक वाचक, सोलापूर)

येईल, आणि मेकॅनिकनं बरोबर ओळखलंय असं वाटतं. टॉवेल आणि चादरींच्या शेडजवळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांत ही तक्रार ठरलेली. पुढच्या ग्रिलमागे आधी एसीचा कंडेन्सर असतो, त्यामागे रेडिएटर, त्यामागे पंखा. पंखा समोरून हवा ओढतो, हवेबरोबर तूस येते आणि कंडेन्सरच्या पात्यांवर फेल्टसारखी बसते. कंडेन्सरची उष्णता बाहेर पडत नाही, गॅसचा दाब चढतो, आणि कितीही गॅस भरला तरी आतली हवा कोमटच येते.

इथे एक चूक सगळे करतात: आधी पाणी मारतात. मागावर चढवायच्या ताण्याला खळ दिलेली असते, तिचा अंश तुसेबरोबर येतो. ओली झाली की ही तूस लगद्यासारखी होते आणि पात्यांच्या आत जाऊन बसते. म्हणून आधी ती कोरडीच काढायची.

बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल सोडा, कारण काही गाड्यांत चावी बंद असतानाही पंखा अचानक फिरतो. ग्रिलमधून हात जात नसेल तर ग्रिलच्या वरच्या क्लिपा काढा. व्हॅक्युमच्या नळीला मऊ केसांचं तोंड लावून पात्यांच्या दिशेनं फिरवा. पाती बहुतेक उभी असतात, तेव्हा हात वरून खाली जायला हवा. आडवा हात मारलात तर पाती मुडपतात, आणि मुडपलेलं पातं म्हणजे कायमची बंद झालेली फट. मग कॉम्प्रेसरची हवा ३० पीएसआयच्या वर न नेता, हातभर अंतरावरून, इंजिनाच्या बाजूनं पुढच्या दिशेला मारा. तूस ज्या वाटेनं आली त्याच वाटेनं परत जाते. पंख्याभोवतीच्या प्लास्टिकच्या आवरणामुळे सगळीकडे हवा पोचत नाही, पण कडेच्या फटींतून बरीच पोचते.

यानंतर पाणी. एक लिटर पाण्यात गाडीचा साधा शाम्पू चमचाभर, स्प्रे बाटलीनं समोरून भिजवा, पाच मिनिटांनी झारीच्या धारेनं सरळ समोरून धुवा. तिरकी धार नको. घरच्या एसीसाठी मिळणारं फेस येणारं कॉइल क्लीनर इथे वापरू नका. त्यातली बरीच कडक अल्कलीची असतात, आणि गाडीच्या कंडेन्सरची अ‍ॅल्युमिनियमची पाती कागदासारखी पातळ असतात.

फरक मोजून बघा. साफ करण्याआधी एसीच्या मधल्या झडपेत थर्मामीटर खोचून पाच मिनिटांनंतरचा आकडा लिहून ठेवा, नंतर त्याच वेळी, त्याच उन्हात पुन्हा घ्या. काही फरक नसेल तर तूस कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या सांदीत बसली आहे. त्यासाठी दोन्ही सुटे करावे लागतात, ते काम गॅरेजचं. एअर फिल्टर आणि केबिन फिल्टरही याच दिवशी उघडा, तिथेही हीच तूस सापडेल. तुमच्या जागेला पुस्तिकेतली मुदत लागू पडत नाही, निम्म्या किलोमीटरांत फिल्टर बघत चला.

प्रश्न: बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी येते. गरम पाणी ओतून काढतो, पुन्हा येते. (एक वाचक, बाळे)

गरम पाण्यानं भुकटी विरघळते आणि ॲसिडसकट बॅटरीखालच्या पत्र्यावर जाते. काही महिन्यांनी तो ट्रे गंजलेला दिसेल.

कपभर पाण्यात, म्हणजे २५० मिलीत, एक मोठा चमचा खायचा सोडा घाला. आधी निगेटिव्ह टर्मिनल सोडा, मग पॉझिटिव्ह. हा क्रम उलटा केला आणि पॉझिटिव्ह सोडताना पाना बॉडीला टेकला, तर सरळ शॉर्ट होतो. बॅटरीची झाकणं घट्ट आहेत ना ते बघा, सोडा आत गेला तर आतलं ॲसिडच मारलं जातं. टूथब्रशनं मिश्रण लावा, फेस येईल. फेस यायचा थांबला की ओल्या फडक्यानं दोनदा पुसा आणि कोरडं करा. जोडताना पॉझिटिव्ह आधी, निगेटिव्ह शेवटी. घट्ट केल्यानंतर वरून व्हॅसलिनचा हात फिरवा, आधी नको. घड्याळ आणि काचांची ऑटो सेटिंग पुन्हा लावावी लागेल.

महिन्याभरात भुकटी परत आली तर इंजिन चालू असताना मल्टिमीटर लावा. बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत. त्याहून बरंच जास्त असेल तर बॅटरी ओव्हरचार्ज होते आहे. व्होल्टेज ठीक असेल तर टर्मिनलच्या बुडाशी बारीक चीर आहे का ते बघा.

प्रश्न: डिझेल एसयूव्ही, ९०,००० किलोमीटर झालेत. दर सर्व्हिसिंगला इंजिन चकाचक करून देतात, महिन्याभरात पुन्हा तेल. कोणता डिग्रीझर वापरला तर तेल परत येणार नाही? (एक वाचक, बार्शी)

असा डिग्रीझर नाही. तेल कुठून येतंय ते शोधा, आणि त्या शोधासाठी सफाईचा उपयोग करून घ्या. सर्व्हिसिंगला गाडी देताना यापुढे "इंजिन धुऊ नका" असं जॉबकार्डावर लिहून घ्या. धुतलेल्या इंजिनावर मेकॅनिकला काही दिसत नाही.

आधी आहे तसे फोटो काढा. मग एकास चार क्लीनरनं तेलाचा भाग स्वच्छ करून पूर्ण वाळवा. टॅपेट कव्हरच्या (इंजिनाच्या वरच्या झाकणाच्या) पॅकिंगच्या रेषेवर, ऑइल फिल्टरच्या बुडाभोवती आणि डिपस्टिकच्या नळीच्या तळाशी साध्या टाल्कम पावडरचा हलका हात फिरवा. बेल्टवर आणि कपलरवर ती पडू देऊ नका. पन्नासेक किलोमीटर चालवून बोनेट उघडा. तेल खाली ओघळतं आणि वाऱ्यानं मागे जातं, म्हणून सर्वांत वरचा आणि सर्वांत पुढचा ओला ठिपका शोधा. पावडरवर तिथे काळी रेघ ओढलेली दिसेल. खालचे सगळे डाग हे त्याचे ओघळ.

टॅपेट कव्हरचं पॅकिंग हा नेहमीचा संशयित. तेल भरायच्या झाकणाचा वॉशर कडक झालेला असला तरी असंच दिसतं, आणि तो बदलणं दोन मिनिटांचं काम, म्हणून आधी तो बघा. टर्बोच्या पाईपच्या जोडावर नुसती ओल असेल तर घाबरू नका, क्रँककेसमधली (इंजिनाच्या खालच्या पोकळीतली) तेलाची वाफ त्या वाटेनं जाते. थेंब लोंबत असेल तर क्लॅम्प आणि सील बघायला हवं.

एकाच वेळी तीन-चार ठिकाणी गळती दिसली तर पॅकिंगं बदलत बसू नका. आधी ही वाफ बाहेर सोडणारी ब्रीदरची नळी तपासा. ती बुजली की क्रँककेसमध्ये दाब साठतो आणि मिळेल त्या सीलमधून तेल बाहेर ढकलतो. नवी पॅकिंगंही मग दोन महिन्यांत ओली होतात. आणि तेल एक्झॉस्टवर पडून जळका वास येत असेल तर यातलं काही घरी करू नका, गाडी थेट गॅरेजला न्या.

प्रश्न: पिकअप उसाच्या हंगामात रानातून चालते. इंजिनाच्या खालच्या बाजूला काळ्या मातीचे गोळे वाळून दगड झालेत. (एक वाचक, मोहोळ)

छिन्नी किंवा पाना घालून उकलू नका, गोळ्याबरोबर वायरिंगची क्लिप किंवा सेन्सर येतो. काळी माती पाणी पिते आणि फुगते, तिचा हा गुणच कामाला लावा. गोळ्यांवर ओलं गोणपाट वीस मिनिटं टेकवून ठेवा, पुन्हा भिजवा, मग लाकडी पट्टीनं ढकला. खालच्या चेंबरच्या भागाला पाईपची साधी धार चालेल, वरच्या भागाला नाही. माती आत ओल धरून ठेवते आणि पत्रा आतून गंजतो, म्हणून हंगाम संपायची वाट न बघता पंधरा दिवसांनी एकदा हे करा. पाचट मात्र रोज बघा. सायलेन्सरच्या पाईपवर अडकलेलं वाळलं पाचट पेटायला वेळ लागत नाही.

प्रश्न: सफाईनंतर इंजिनावर चमक आणणारा स्प्रे मारावा का? (एक वाचक, सात रस्ता)

मारायचाच असेल तर पाण्यावर आधारित आणि फार न चमकणारा घ्या, फडक्यावर घेऊन फक्त प्लास्टिकच्या कव्हरांना आणि होजना लावा. एरोसोलच्या डब्यातले सिलिकॉनचे स्प्रे सगळीकडे उडतात. बेल्टवर पडले की बेल्ट घसरतो आणि किंचाळतो. एक्झॉस्टवर पडले की धूर. तेलकट चमकेवर सोलापूरची धूळ दोन दिवसांत बसते. आमचं मत विचाराल तर हा खर्च टाळा.

प्रश्न: सीएनजी बसवलेल्या गाडीला वेगळी काळजी लागते का? (एक वाचक, कुमठा नाका)

रेग्युलेटर, गॅसच्या इंजेक्टरची पट्टी आणि बाहेरून बसवलेल्या किटच्या कंट्रोलरचे कपलर यांना पाणी अजिबात नको, तिथे ओलसर फडकंच. बाहेरून बसवलेल्या किटच्या वायरिंगचे जोड कधी कधी नुसत्या टेपचे असतात, तसा जोड दिसला तर आधी तो नीट करून घ्या. गॅसच्या जोडांचे नट सफाई करताना हलवू नका. काम सुरू करताना सिलिंडरचा हातव्हॉल्व्ह बंद करा, बोनेट उघडं ठेवा, आणि गॅसचा वास आला तर स्विच, चावी, व्हॅक्युम कशालाच हात न लावता लांब व्हा.

प्रश्न: उंदरांनी इंजिनात घरटं केलंय. चिंध्या, ज्वारीची कणसं, लेंड्या सगळं आहे. व्हॅक्युमनं ओढून काढू का? (एक वाचक, मंगळवेढा)

नाही, इथे कोरडा ब्रश आणि व्हॅक्युम दोन्ही नको. वाळलेल्या लेंड्यांची धूळ नाकात जाते, आणि उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू पसरतात. मास्क आणि हातमोजे घाला, हाताला जखम असेल तर हे काम दुसऱ्याला द्या. बॅटरीचं निगेटिव्ह सोडा. घरट्यावर फरशीच्या जंतुनाशकाचं सौम्य पाणी स्प्रेनं मारून दहा मिनिटं भिजू द्या, मग सगळं उचलून पिशवीत बांधा. ब्लीच वापरू नका, ते अ‍ॅल्युमिनियमला आणि कपलरच्या पिनांना खातं. नंतर सगळा भाग एकास दहा क्लीनरनं पुसा, कारण राहिलेल्या वासाच्या मागावर नवा उंदीर येतो.

गाडी सुरू करण्याआधी वायरिंग बोटांनी चाचपत जा. इंजिनाच्या प्लास्टिक कव्हरखाली, बॅटरीच्या मागे आणि एअर फिल्टरच्या डब्यात नक्की बघा. कुठे तांबं उघडं दिसलं तर सुरू करू नका. नुसती टेप गुंडाळून भागणार नाही, गरम करून आवळणारी नळी चढवून घ्या. तंबाखूची पानं आणि डांबरगोळ्या ठेवायचा सल्ला सगळे देतात. इंजिनाच्या उष्णतेत वास काही दिवसांत उडतो आणि वाळलेली पानं एक्झॉस्टशेजारी सरपण होऊन बसतात. त्याऐवजी ब्लोअरच्या हवेच्या तोंडाला पाव इंची लोखंडी जाळी बसवा, धान्याच्या पोत्यांपासून गाडी लांब लावा, आणि रात्री बोनेट उघडं ठेवता येत असेल तर ठेवा. उंदराला अंधारी, झाकलेली, उबदार जागा हवी असते.